टाकाचे धनी : शंकरराव किर्लोस्कर

किर्लोस्कर हे नाव उच्चारताच वाचकांच्या डोळ्यांपुढे नांगर, पंप आणि एंजिने उभी राहतात. त्याच घराण्यातील एका पुरुषाने हाती टाक धरून पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुळ्या समजुतींची हजेरी घेतली, आणि तो पुरुष आपल्या सोलापुरात जन्मला, हे ज्ञातीतील तरुण मंडळींस क्वचितच ठाऊक असते. म्हणून शंकर वासुदेव किर्लोस्कर, अर्थात ‘शंवाकि’, ह्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा. वडील वासुदेवराव हे डॉक्टर, तर उद्योगमहर्षी लक्ष्मणराव हे चुलते. लक्ष्मणराव स्वत: तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. परंतु रंगांधळेपणामुळे रंगांचा नाद सोडून त्यांस यंत्रांच्या आकृत्यांकडे वळावे लागले. चुलत्यांचे जे राहिले ते पुतण्याच्या वाट्यास आले. शंकररावांनी लाहोरास जाऊन पंडित सातवळेकरांपाशी चित्रकलेचे धडे घेतले. वेदांचे भाष्यकार म्हणून आज आपण पंडितजींस ओळखतो. त्या काळी ते नाणावलेले चित्रकार होते.

शिक्षणानंतर शंकरराव आले ते किर्लोस्करवाडीस. औंध संस्थानातील ओसाड माळावर १९१० साली लक्ष्मणरावांनी वसविलेली ही वाडी. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर खपविताना लक्ष्मणरावांस किती सायास पडले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. नांगर विकावयाचा तर आधी समजूत नांगरावी लागते! आमच्या मते शंकररावांच्या पुढील सर्व कार्याचे बीज ह्यातच आहे.

१९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. प्रारंभी ते कारखान्याचे वृत्तपत्रक होते. पाहता पाहता घरोघरी वाचले जाणारे मासिक झाले. १९२९ पासून, सावरकरांच्या सूचनेवरून ‘खबर’ हा परभाषी शब्द गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले.

मासिकातील त्यांची व्यंगचित्रे ‘टाकाच्या फेकी’ ह्या नावाने गाजली. त्या काळी रेखाचित्र छापावयाचे तर जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने ठसा काढवून घ्यावा लागे. अशा ठशात काळे आणि पांढरे एवढेच उतरते, मधली छटा उतरत नाही. साहजिकच चित्रकाराची रेषा खणखणीत हवी आणि मुद्दा पाहताक्षणी उमगावा. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या ह्या कलावंताने शाईच्या काळ्या रेषेवर संसार मांडला, ह्याचे आम्हांस विशेष वाटते. व्यंगचित्र मराठीत अगदीच नवे होते असे नव्हे. ठाण्याच्या ‘हिंदु पंच’ने एकोणिसाव्या शतकातच त्याची ओळख करून दिली होती. शंकररावांनी ते दरमहा, नेमाने, घरातल्या ओसरीवर आणून बसविले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांची तसबीर छापणे सोपे. परंतु त्यांच्या टाकाची शाई ज्या घरांवर उडाली ती मुख्यत: आपल्यासारखीच होती. बुवाबाजी, अस्पृश्यता, स्त्रियांना जखडणाऱ्या रूढी ह्यांवर त्यांचे मासिक तुटून पडे, आणि ते वाचणारा वर्ग बहुतांशी पांढरपेशा होता. पैसे देऊन आपलीच थट्टा विकत घेणारी ती माणसे, आणि संपादक त्यांच्यातलाच! एखाद्या उपऱ्याने हे केले असते तर लोकांनी ते झिडकारले असते. घरच्या माणसाने केले म्हणून ते मनास लागले व हसूही आले. त्यांस केवळ उद्योगपतींचे पुतणे म्हणून आपल्या नामावळीत बसविणे ही त्यांची प्रतारणा होईल. जन्मपत्रिका आणि देण्याघेण्याच्या याद्या घेऊन वधूवर मेळाव्यास येणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ‘किर्लोस्कर’चे जुने अंक एकदा अवश्य चाळावेत.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ वाडीच्या कारखान्यासही लागली. मासिके मात्र टिकली. पुढे ती पुण्याहून निघू लागली आणि संपादनाची धुरा चिरंजीव मुकुंदराव ह्यांनी उचलली. शंकररावांचे आत्मचरित्र ‘शंवाकीय’ १९७४ साली वाचकांच्या हाती आले. त्यानंतर लवकरच, १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.