मराठीत बायबल होतं, तरी पंडिता रमाबाईंनी ते पुन्हा भाषांतरित करायला का घेतलं?

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या आणि एक वृद्ध बाई मुद्रितं तपासत होत्या. हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेऊन त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणायचं मनावर घेतलं होतं. मराठी बायबल तर आधीच छापून झालेलं होतं. मग हा उद्योग कशासाठी?

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं. आईने ते रमाबाईंना दिलं. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी भटकत, पुराणं सांगत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण शास्त्रं जसजशी वाचून होत गेली, तसतसं त्यांना एकच गोष्ट खुपू लागली: स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाची वाट सरळ नव्हती.

1880 मध्ये भाऊ वारला. त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. 1882 च्या सुरुवातीला तेही गेले. हातात लहानगी मनोरमा. सिल्चरच्या घरात असताना रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. पती मिशनच्या शाळेत शिकलेले, तरी बायकोने उघड बाप्तिस्मा घेणं त्यांना पसंत नव्हतं.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटिजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या. तिथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. फुलहॅममध्ये या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आसरा देत. रमाबाईंना तिथे विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट भेटली. लोकांनी ओवाळून टाकलेल्या बाईशी येशू थांबून बोलतो, हे त्यांच्या मनात घर करून राहिलं. पुढच्या सगळ्या कामाचं बीज इथे आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मात्र बाप्तिस्मा घेतला म्हणून डोकं गहाण ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसचा मतांगीकार, चर्चचा अधिकार, सगळ्यावर त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून भांडल्या. जे बायबलात स्पष्ट दिसत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना जमेना. ब्राह्मणांचा अधिकार नाकारून आलेली बाई बिशपांचा कसा मानेल? भगिनींना हा हट्ट वाटला. मला तर तो त्यांच्या शास्त्राभ्यासाचा स्वाभाविक परिणाम वाटतो.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या अमेरिकेत गेल्या. तिथल्या वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी मदतीसाठी संघ काढला आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. अट अशी की धर्मशिक्षण द्यायचं नाही. रमाबाईंनी शाळेत ते दिलं नाही, पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार उघडं ठेवलं. मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये, सदन पुण्यात असताना, वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा संताप समजण्यासारखा होता, हेही सांगायला हवं.

दरम्यान रमाबाईंची श्रद्धा आणखी एक वळण घेत होती. आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नव्हता, असं त्यांना 1891 च्या सुमारास जाणवलं. ही इव्हँजेलिकल धाटणीची भाषा. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. उपासमार त्यांनी स्वतः भोगली होती. वस्तीचं नाव ठेवलं 'मुक्ती'. 1905 मध्ये तिथे रडत, मोठ्याने प्रार्थना करत मोठं धार्मिक जागरण झालं. पेंटेकोस्टल चळवळीचे अभ्यासक आज त्याची आवर्जून दखल घेतात.

आता भाषांतराकडे. जुनं मराठी बायबल रमाबाईंना संस्कृताळलेलं वाटे. शेतात राबणाऱ्या, नुकतीच अक्षरं ओळखू लागलेल्या बाईला ते कळावं, अशी त्यांची धडपड होती. गंमत पाहा, कलकत्त्याने जिला संस्कृतासाठी डोक्यावर घेतलं, तीच आता संस्कृत शब्द निवडून बाजूला काढत होती. आणि शब्द अडला तर पाद्र्याला विचारायचं नाही, मूळ हिब्रू-ग्रीक पाहायचं.

1921 मध्ये मनोरमा वारल्या. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.