ई-८० वाला कूपर

ब्रिजच्या तासाला आयआरसीचं क्लास ए आणि ७०-आर लोडिंग आलं की सगळ्यांना वैताग येतो. कुठल्या ॲक्सलवर ११.४ टन आणि कुठल्यावर ६.८, हे लक्षात ठेवणं म्हणजे शिक्षाच! पण कागदावरच्या गाडीने खरा पूल तपासायची पद्धत ज्याने अमेरिकन रेल्वेत रुळवली, त्या थिओडोर कूपरबद्दल वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना.

कूपरचा जन्म १८३९ चा, न्यूयॉर्क राज्यातला. १८५८ साली, एकोणिसाव्या वर्षी तो इंजिनिअर झाला (आपण त्या वयात केटी सोडवतोय). काही वर्षं नौदलात काढून १८७२ मध्ये तो सेंट लुईसच्या ईड्स पुलावर आला. तिथे एकदा वरून थेट मिसिसिपीत पडला, तरी वाचला.

तेव्हा प्रत्येक रेल्वे कंपनीचं इंजिन वेगळं, म्हणून डिझाइनचा लोडही वेगळा. १८९४ मध्ये कूपरने सोपा तोडगा काढला. एकामागे एक दोन इंजिनं, आणि मागे डब्यांचं सारखं पसरलेलं वजन. ई-४० म्हणजे प्रत्येक ड्रायव्हिंग ॲक्सलवर ४०,००० पौंड, मागे फुटाला ४,०००. ई-८० म्हणजे सगळं दुप्पट. प्रमाण तेच, नुसता आकडा बदलायचा. अमेरिकेत हे ई-८० अजूनही चालू आहे.

१९०० मध्ये तो कॅनडातल्या क्वेबेक पुलाचा सल्लागार झाला. मधला स्पॅन १६०० वरून १८०० फूट केला, जगात सर्वांत मोठा. आणि गाडीच्या वजनाचा हा उस्ताद फसला तो पुलाच्याच वजनात! स्पॅन वाढला, पण डेड लोड जुनाच धरलेला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री करतो तेच: सेल्फ वेट आधी अंदाजाने धरायचं आणि शेवटी पडताळायचं राहून जायचं. चूक कळेपर्यंत बरंच पोलाद तयार झालं होतं. वाढीव स्ट्रेस चालेल, असं कूपरने ठरवलं. तब्येत बरी नसल्याने तो न्यूयॉर्कमधूनच काम बघायचा. पोलादी काम उभं राहत होतं तेव्हा एकदाही साइटवर गेला नाही.

ऑगस्ट १९०७ मध्ये खालच्या कॉर्डचे मेंबर वाकायला लागले. साइटवरचा इन्स्पेक्टर मॅक्ल्युअर स्वतः न्यूयॉर्कला धावला. २९ ऑगस्टला कूपरने लोड वाढवू नका अशी तार केली, पण ती साइटवर नाही, बांधणाऱ्या कंपनीच्या फिनिक्सव्हिलच्या कचेरीत. त्याच संध्याकाळी पूल सेंट लॉरेन्स नदीत कोसळला. ७५ कामगार गेले, त्यांत ३३ मोहॉक जमातीचे.

चौकशी आयोगाने कूपर आणि कंपनीचा डिझायनर, दोघांच्याही निर्णयावर बोट ठेवलं. कूपरने काम सोडलं. १९१७ मध्ये त्याच जागी नवा पूल पुरा झाला, खालच्या कॉर्डचा छेद पहिल्याच्या दुपटीहून मोठा ठेवून. दोन वर्षांनी कूपर वारला.