मज्जातंतूंच्या वाटेचा शोधक : डॉ. वसंत रामजी खानोलकर

कड्याहून नगरकडे जाणाऱ्या एस.टी.त, आणि आता रेल्वेतही, मांडीवर एक मोठे पाकीट जपून धरलेला प्रवासी हमखास भेटतो. पाकिटात मेंदूच्या किंवा मणक्याच्या स्कॅनच्या फिल्म असतात. वडिलांचा अर्धांगवायू असो वा मुलाला येणारी फिट, डॉक्टर तिचे कारण त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत शोधतात. जिवंत रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन जगात प्रथम १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात झाले. त्याआधी मज्जासंस्थेचे विकार ज्यांनी उलगडले, त्यांची भिस्त प्रामुख्याने सूक्ष्मदर्शक, काही रंगद्रव्ये आणि स्वतःच्या चिकाटीवर होती. त्या पिढीतील एका मराठी संशोधकाचे चरित्र मी या स्मरणिकेसाठी निवडले आहे. निवडीमागे एक खाजगी कारण आहे, ते आधी सांगतो.

माझ्या बालपणी, १९७० च्या दशकात, आमची वस्ती गावकुसाबाहेर होती हे येथील वाचकांना वेगळे सांगावयास नको. परंतु आमच्या वस्तीच्याही बाहेर, ओढ्यापलीकडे, एक झोपडी होती. तीत महारोग जडलेला एक वृद्ध एकटा राहत असे. त्याच्यापुढे भाकरी लांबून टाकली जाई, आणि ती टाकणारे हात आमचेच होते. ज्यांच्या आजोबांना पाण्यासाठी ओंजळ धरून ताटकळावे लागले, त्यांच्याच नातवंडांना या माणसाची सावली नको होती. मागील जन्माचे पाप हे त्याच्या आजाराचे कारण मी दीक्षा घेतलेल्या घरांतूनही ऐकले आहे. राजगृहातील सुप्पबुद्ध नावाच्या दरिद्री कुष्ठरोग्याला तथागतांनी धम्म सांगितल्याची कथा उदान ग्रंथात आहे. ती माझ्या वाचनात फार उशिरा आली.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. पदवी संपादन केली. त्याच वर्षी त्याच विद्यापीठाने आणखी एका रामजीपुत्राला, भीमराव रामजी आंबेडकर यांना, अर्थशास्त्रातील डी.एस्सी. पदवी दिली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे योगायोग मोहात पाडतात; त्यांतून अधिक अर्थ काढू नये हेही त्याने शिकलेले असते.

मायदेशी परतल्यावर खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात अध्यापन केले. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींत काय बदल घडवला ते पाहण्याचे शास्त्र. त्या काळी आपल्याकडे त्याचा मुख्य उपयोग शवविच्छेदनापुरता मानला जाई. खानोलकरांनी ते शास्त्र जिवंत माणसाच्या कामी आणले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. पद्मभूषण, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद हे सन्मान यथाकाल आले. त्यांचा तपशील येथे देत बसत नाही.

कर्करोगासंबंधी त्यांची एक दृष्टी मात्र सांगितली पाहिजे. रोग माणसाच्या कोणत्या अवयवाला होतो, याचे उत्तर ते त्याच्या राहणीत शोधत. १९४५ साली डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी तीन सवयींची तपासणी केली. चुन्यासह तंबाखूची गोळी ओठाआड धरणाऱ्याला तेथेच व्रण होतो. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या आंध्रातील लोकांच्या टाळूला होतो. आणि धोतराची घट्ट गाठ वर्षानुवर्षे कमरेवर घासली की तेथील कातडीला होतो. नशीब आणि पूर्वकर्म यांना या मांडणीत जागाच उरली नाही.

हीच नजर त्यांनी कुष्ठरोगाकडे वळवली. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच दाखवला होता. हा रोग आनुवंशिक नाही, पापाचे फळ नाही, एवढे त्यावरून जगाला कळायला हवे होते. तरीही आपल्या देशात १८९८ च्या कायद्याने निर्धन रुग्णांना पकडून कोंडण्याची सोय केली, आणि तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. लोक या रोगाला कातडीचा रोग समजत, कारण चट्टे कातडीवर दिसतात. खानोलकरांनी अगदी आरंभीच्या, फिकट, जेमतेम जाणवणाऱ्या चट्ट्यांचे बारीक तुकडे घेतले, त्यांचे पातळ छेद केले, जंतू लाल दिसतील असे रंग दिले आणि ते तासन्‌तास न्याहाळले. कातडीतील केसाहून बारीक अशा मज्जातंतूंच्या शाखांत त्यांना जंतू आढळले. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा मथितार्थ असा, की कुष्ठरोगाचा आरंभ मज्जातंतूत होतो. तेथून जंतू तंतूच्या वाटेने आत सरकतो, आणि पुढे रोगाला कोणतेही रूप आले तरी त्याचे पहिले घर तेच असते.

या एका निष्कर्षाने केवढा उलगडा होतो पाहा. कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप गळून पडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे चुलीचा चटका, पायातला काटा त्याला कळत नाही. जखम चिघळते आणि बोट हळूहळू झिजते. कोपराजवळचा तंतू निकामी झाला की बोटे आकडीसारखी वळतात. आज आमच्या शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर स्पर्श करतात आणि कोठे स्पर्श झाला ते विचारतात. ती परीक्षा कातडीची नसून मज्जातंतूची असते. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाबरोबर मज्जातंतूंच्या दाहाने किती यातना दिल्या हे आपण जाणतो. मज्जातंतूचा विकार त्यांनाही होता आणि ओढ्यापलीकडच्या त्या वृद्धालाही. एकाच्या आजाराला आपण सहानुभूती दिली, दुसऱ्याच्या आजाराला वाळीत टाकले.

१९५० साली खानोलकरांनी डॉ. सांघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या रक्तगटादी सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा आकड्यांचा आधार घेऊन जातींत मुळातच भेद असल्याचे सांगणारे पुष्कळ असतात. मला मात्र त्या निबंधाच्या शीर्षकातील अंतर्विवाही हा शब्द मोलाचा वाटतो. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी मांडले होते. दरवाजा बंद ठेवला म्हणून रक्तात फरक साचतो. फरक होता म्हणून दरवाजा बंद झाला नाही.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत स्त्रिया होत्या, हे मुलींच्या वसतिगृहातील वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली, पुढे ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, आणि उतारवयात आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामात नाव मिळवले.

रणदिवे आणि बापट या सहकाऱ्यांसह खानोलकरांनी १९५८ मध्ये एक मोठा दावा केला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही संशोधकांची जुनी अडचण. मज्जातंतूची त्याला ओढ आहे, तर मज्जापेशीच त्याला का देऊ नयेत, या विचाराने मानवी भ्रूणाच्या मज्जापेशींच्या संवर्धनात रुग्णाच्या गाठीतील जंतू वाढवण्यात आला. वाढलेला जंतू आय.सी.आर.सी. बॅसिलस या नावाने ओळखला जातो. तो हॅन्सन यांचाच जंतू आहे, हे जगाने मान्य केले नाही. पुढील तपासण्यांत तो वेगळ्या कुळातील ठरला. खऱ्या जंतूची वाढ १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात साधली. कृत्रिम माध्यमात ती आजही साधलेली नाही. तरीही त्या परक्या जंतूपासून मुंबईत कुष्ठरोगाविरुद्ध लस तयार करण्यात आली व तिच्या चाचण्या झाल्या. जंतू कातडीतील तंतूंतूनच शरीरात शिरतो हा त्यांचा तर्कही आज तसाच स्वीकारला जात नाही. नाकावाटे होणारा प्रवेश अधिक संभवनीय मानतात. मज्जातंतू हे त्याचे घर आहे, हे मात्र टिकले. त्यांची चूक झाकून चरित्र लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्याच्या निष्कर्षांची फेरतपासणी होऊ शकते तोच शास्त्रज्ञ. पोथीची फेरतपासणी होत नसते.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. खानोलकरांचे निधन झाले. त्यानंतर तीन-चार वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला, ज्याने हा रोग पूर्ण बरा होतो. ती गोळ्यांची पाकिटे आमच्या भागात पोहोचली, तोवर ओढ्यापलीकडची झोपडी पडून गेली होती.