सोन्याच्या नाण्यांचे अभ्यासक : सर जॉन एव्हान्स

संग्रह हा अनेकांचा छंद असतो. परंतु त्याला अभ्यासाची जोड लाभली, तरच त्यातून ज्ञान निर्माण होते. सर जॉन एव्हान्स यांचे जीवन याची साक्ष देते.

त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८२३ रोजी इंग्लंडमधील बर्नहॅम परगण्यात झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. मुलाने ऑक्सफर्डला जावे असे योजले होते. परंतु १८४० मध्ये ते मामा जॉन डिकिन्सन यांच्या कागदगिरणीत दाखल झाले. विद्यापीठ अंतरले, विद्या मात्र अंतरली नाही. दिवसा गिरणीचा कारभार आणि उरलेल्या वेळी जुन्या वस्तूंचे संशोधन, असा त्यांचा परिपाठ पडला. १८५० मध्ये मामेबहीण हॅरिएट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८५८ च्या प्रारंभी पाच लहान मुले मागे ठेवून ती निवर्तली. या आघातानंतरही त्यांची ज्ञानसाधना खंडित झाली नाही. १८५९ मध्ये फ्रान्समधील अबेव्हिल येथील दगडी हत्यारांची पाहणी करून मानवाचे प्राचीनत्व सिद्ध करण्यास त्यांनी हातभार लावला.

मध्ययुगीन इंग्लिश सुवर्णनाणी हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय. तिसऱ्या हेन्रीने १२५७ मध्ये वीस पेन्स किमतीचे सोन्याचे नाणे पाडले. पण त्यातील सोन्याचे मोल या किमतीहून अधिक असल्याने बहुतेक नाणी वितळवली गेली. तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये काढलेल्या फ्लोरिनची किंमत उलट सोन्याच्या मानाने चढी ठेवली होती. व्यापाऱ्यांनी तो नाकारला आणि काही महिन्यांतच तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी आलेला नोबल मात्र रुजला. त्याची किंमत सहा शिलिंग आठ पेन्स होती आणि त्यावर गलबतात उभा असलेला राजा कोरलेला होता. या आरंभीच्या सुवर्णनाण्यांचा इतिहास एव्हान्स यांनी १९०० मध्ये एका विस्तृत लेखात मांडला.

लंडनच्या नाणकशास्त्रीय संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १८७४ पासून अखेरपर्यंत भूषविले. ३१ मे १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. नॉसॉसचे उत्खनन करणारे सर आर्थर एव्हान्स हे त्यांचे पुत्र.

निधनोत्तर त्यांचा इंग्लिश सुवर्णनाण्यांचा संग्रह अमेरिकन धनिक जे. पी. मॉर्गन यांच्याकडे गेला. मॉर्गन १९१३ मध्ये वारले आणि १९१५ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो संग्रह विकत घेतला. एकेकाळी केवळ धातूच्या मोलापायी वितळवली गेलेली ही नाणी अशा रीतीने सर्वांच्या अभ्यासासाठी कायमची सुरक्षित झाली. एका गिरणीमालकाने फावल्या वेळात जोपासलेल्या व्यासंगाचे याहून मोठे सार्थक ते कोणते!