प्रज्ञाचक्षू आणि प्रसन्नचित्त : श्रीगुलाबराव महाराज

आषाढ शुद्ध दशमीस पालख्या वाखरीचा तळ सोडून पंढरीत प्रवेश करतात आणि चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांनी फुलून जाते. याच तिथीला, शके १८०३ मध्ये, म्हणजे ६ जुलै १८८१ रोजी, वऱ्हाडातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी एका कुणबी घराण्यात एक बालक जन्मास आले. पित्याचे नाव गोंदुजी मोहोड, मातेचे अलोकाबाई आणि बालकाचे नाव गुलाब. पुढे प्रज्ञाचक्षू मधुराद्वैताचार्य श्रीगुलाबराव महाराज म्हणून अवघा महाराष्ट्र ज्यांना ओळखू लागला, ते हेच. एकादशीच्या पर्वकाळी त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

बालक सुमारे नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचा विकार झाला, त्यावर चुकीचे औषध घातले गेले आणि दृष्टी कायमची गेली. कथाकीर्तनांतून अंधत्वाचा विषय निघाला की पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब मांडण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. आमचे म्हणणे असे, की या चरित्रापुरता तरी तो हिशेब बाजूस ठेवावा. येथे डोळे गेले ते माणसाच्या अजाण हाताने घातलेल्या औषधाने. त्या हातामागे प्रेम होते, ज्ञान नव्हते. ज्ञानावाचूनचे प्रेम किती महाग पडते, हे ज्यास तान्हेपणीच भोगावे लागले, त्याने पुढे आयुष्यभर ज्ञान आणि प्रेम यांचा संसार एकत्र मांडण्याचा ध्यास घ्यावा, हा योग विलक्षण होय.

चौथ्या वर्षी आईचे छत्र हरपले. मुलाला आजोळी, आजीच्या मायेत, काही वर्षे काढावी लागली. त्यानंतर तो माधान या वडिलांच्या गावी परतला. माधान हे आजच्या अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात येते. डोळे नाहीत, आई नाही, घर शेतकऱ्याचे आणि गाव आडवळणाचे. अशा मुलाने कोपऱ्यात बसून कण्हत राहावे, अशीच जगाची अपेक्षा असते. चरित्रकारांनी जे चित्र रेखाटले आहे ते मात्र निराळे आहे. हा मुलगा सवंगड्यांत रमणारा, आवाजावरून माणूस ओळखणारा आणि रात्री भजनात रंगून जाणारा होता. कानावर पडलेले सहसा विसरायचे नाही, हा त्याचा स्वभावच होता.

आता विद्येची गोष्ट पाहावी. अंधांसाठी सर्व भारतीय भाषांना सामाईक अशी ब्रेल लिपी ठरली ती १९५१ साली, आणि महाराजांनी देह ठेवला १९१५ साली. माधानच्या त्या मुलाला अक्षर म्हणून बोटांनी चाचपावे असे काहीही उपलब्ध नव्हते. त्याने मार्ग काढला तो असा, की दुसऱ्यांच्या डोळ्यांनी वाचायचे आणि दुसऱ्यांच्या हातांनी लिहायचे. जो वाचून दाखवील त्याच्याकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत, ऐकलेले मनात साठवावे, त्यावर चिंतन करावे आणि लेखनिकास सांगावे, हा क्रम अखेरपर्यंत चालला. वेदान्त, सांख्य, योग, भक्तिशास्त्र, संगीत, छंदःशास्त्र आणि आयुर्वेद असा त्यांचा संचार होता. डार्विन आणि स्पेन्सर यांची मतेही त्यांनी ऐकून घेतली आणि आपल्या परीने त्यांचे खंडन केले. ते खंडन आजच्या शास्त्रज्ञास पटेल न पटेल, तो भाग वेगळा. वऱ्हाडच्या खेड्यातील एका अंध तरुणाने विलायतेच्या पंडितांशी वाद मांडावा, ही उमेदच मुळी आम्हांस थक्क करते.

इ. स. १८९६ मध्ये मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते गृहस्थाश्रमी झाले. त्याच सुमारास, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० या साली, वऱ्हाडाने भीषण दुष्काळ पाहिले. त्या होरपळीच्या दिवसांतच त्यांची साधना परिपक्व होत होती. १९०१ साली श्रीज्ञानेश्वर माउलींनी दर्शन देऊन आपणास मांडीवर घेतले व स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. १९०५ मध्ये त्यांनी कात्यायनी व्रत आरंभिले. भागवतात गोपींनी श्रीकृष्ण पती लाभावा म्हणून जे व्रत केले, तेच हे. मग कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, मस्तकी वेणी असा वेष त्यांनी धारण केला. लोक हसले असतील, कुजबुजले असतील. महाराजांनी मात्र तो भाव अखेरपर्यंत सोडला नाही.

यातूनच त्यांचा मधुराद्वैत सिद्धान्त उभा राहिला. अद्वैताचे ज्ञान झाल्यावर भक्तीचे प्रयोजन काय, असा प्रश्न शुष्क वेदान्ती विचारतात. महाराजांचा आशय असा, की जीव आणि शिव एक आहेत हे कळल्यानंतरच प्रेमाला खरी गोडी येते. तेथे भय उरत नाही, मागणे उरत नाही, उरतो तो केवळ आनंदाचा विलास. आमच्या मते त्यांच्या प्रसन्नतेचे मूळ येथेच सापडते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात चित्ताच्या प्रसादाने सर्व दुःखांची हानी होते, असे भगवंतांनी सांगितले आहे. संस्कृतात प्रसाद म्हणजे निवळलेपण. तळ ढवळला नाही की पाणी आपोआप स्वच्छ होते. ही प्रसन्नता दुःख नाकारून येत नाही. दुःख तळाशी राहतेच, पण ते पाणी गढूळ करीत नाही.

प्रज्ञाचक्षू या पदवीविषयीही दोन शब्द सांगावेसे वाटतात. महाभारतात हा शब्द धृतराष्ट्रासही लाविलेला आहे. तोही अंध होता, बुद्धिमान होता, आणि विदुर व संजय यांच्यासारखे डोळस सांगाती त्याच्या पदरी होते. तरीही पुत्रमोहाने त्याची प्रज्ञा झाकोळली आणि कुळाचा नाश झाला. तेव्हा डोळे गेले म्हणून आतली दृष्टी आपोआप उघडते, हा समज भाबडा आहे. महाराजांची प्रज्ञा उघडली ती श्रवणाने, परिश्रमाने आणि निर्मोह प्रेमाने. अंधत्वास तिचे श्रेय देणे म्हणजे त्यांच्या कष्टांची चोरी करणे होय.

आयुष्य किती, तर अवघी चौतीस वर्षे! तेवढ्यात त्यांनी सव्वाशेहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. त्यांची पृष्ठसंख्या सहा हजारांच्या घरात जाते. संप्रदायसुरतरु, साधुबोध आणि मानसायुर्वेद ही त्यांतील काही नावे. त्यांनी नवी वृत्ते रचली आणि नावंग नावाची एक स्वतंत्र भाषाही निर्माण केली. स्वतःची भाषा घडविण्यात जो खेळकरपणा आहे, तो आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावा. खिन्न मनाला असे खेळ सुचत नाहीत. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे शिष्योत्तम श्रीबाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची धुरा वाहिली. कुणब्याच्या घरी जन्मलेल्या सद्गुरूचे शिष्यत्व एका ब्राह्मण विद्वानाने मस्तकी धरावे, ही घटनाही त्या काळी लहान नव्हती.

पैठणच्या कूर्मदासांची कथा वारकऱ्यांस सुपरिचित आहे. हातपाय नसलेले कूर्मदास लोळत लोळत पंढरीस निघाले, लऊळपाशी थकले, आणि स्वयें विठ्ठल त्यांना भेटावयास आला, असे महिपतींनी वर्णिले आहे. त्या वाटेवर त्यांना घास भरविणारे यात्रेकरू होते. महाराजांच्या चरित्रातही वाचून दाखविणारे आणि उतरून घेणारे कितीतरी जण आहेत. त्यांतील बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत, पण त्यांचे हात थांबले असते तर ती सहा हजार पृष्ठे एका अंध माणसाच्या मनातच विरून गेली असती. भक्त परमेश्वराच्या भेटीस निघतो तेव्हा त्याला परमेश्वर लागतो तसा शेजारीही लागतो.

म्हणून या एकादशीस आमची वाचकांस एकच विनंती आहे. आपल्या आळीत, आपल्या नात्यात कोणी दृष्टिहीन असेल, तर त्याच्याविषयी हळहळ व्यक्त करण्याचे पुण्य तूर्त राहू द्यावे. त्याच्यापाशी घटकाभर बसावे, त्याला कोणता ग्रंथ ऐकावयाचा आहे ते विचारावे आणि तो वाचून दाखवावा. उपवासाचे फराळ आटोपल्यावर तेवढा वेळ सहज निघेल.