पालवणकर बाळू
पालवणकर बाळू (मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे डावखुरे फिरकी गोलंदाज आणि दलित समाजातून पुढे आलेले पहिले विख्यात भारतीय क्रिकेटपटू होत. त्यांचा जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पूना जिमखान्यात दरमहा ४ रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखत आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकत. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना सामन्यांत घेतले. चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. नियतकालिकांनी या विजयाकडे निव्वळ खेळ म्हणून पाहिले नाही. इंडियन सोशल रिफॉर्मर या साप्ताहिकाने या बंधूंच्या हिंदू जिमखान्यातील प्रवेशालाच अधिक महत्त्व दिले; तरुण हिंदूंची मने उदार करण्यात इतर क्षेत्रांतील प्रयत्नांपेक्षा तो अधिक प्रभावी ठरल्याचे त्याचे मत होते. मैदानावरचा न्याय समाजव्यवहारातही यावा, असा सूर लावला गेला.

छापील गौरवाने संघातील उतरंड मात्र बदलली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊनही बाळूंची हिंदू संघाच्या कर्णधारपदी निवड झाली नाही. १९२० मध्ये, तीही बंधूंनी निषेध नोंदवल्यावर, त्यांना उपकर्णधारपद मिळाले. कर्णधारपद १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठल यांच्याकडे गेले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले.