चुन्याचे सोने करणारा कारागीर

बालमित्रांनो, थोर माणसे म्हटली की आपल्याला राजे, पुढारी नाहीतर शास्त्रज्ञ आठवतात. गिलावा करणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. म्हणून आज मी तुम्हांला अशाच एका कारागिराची ओळख करून देणार आहे. त्याचे नाव जाकोमो सेर्पोत्ता.

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे बेट आहे. तेथील पालेर्मो शहरात १६५६ साली जाकोमोचा जन्म झाला. त्याचे वडील गास्पारे संगमरवराच्या मूर्ती घडवीत. पण पुढे त्यांना सजा झाली. त्या काळी कैद्यांना जहाजावर वल्ही मारायला धाडीत. गास्पारेंच्या नशिबी तेच आले. १६७० साली ते वारले. जाकोमो तेव्हा अवघा १४ वर्षांचा! घरच्यांचे काय हाल झाले असतील, तुम्हीच विचार करा.

संगमरवर महाग, चुना न्‌ वाळू स्वस्त. जाकोमोने चुनाच हाती धरला. १६७७ साली, म्हणजे २१ व्या वर्षी, तो जवळच्या मोनरेआले गावी चर्चमध्ये काम करीत होता.

त्याची रीत ऐका. आधी लाकूड, तार आणि चिंध्या यांचा सांगाडा बांधायचा. त्यावर चुना-वाळूचा माल चढवून ओला असतानाच आकार द्यायचा. शेवटी चुन्यात संगमरवराची बारीक पूड मिसळून पातळ हात द्यायचा आणि घोटायचे. मग मूर्ती संगमरवरासारखी चमके.

आमच्या आळीत एका घराचा गिलावा चालला होता, तेव्हा मी बघत बसलो होतो. माल आवळायच्या आत हात चालवावा लागतो. नाहीतर सगळे खरवडा न्‌ पुन्हा लावा! नुसती भिंत सरळ करताना एवढी धांदल, तर मग हसणारे मूल घडवताना किती होत असेल?

पालेर्मोत सांता चीता नावाचे प्रार्थनामंदिर आहे. तेथे जाकोमोने १६८५ च्या सुमारास काम सुरू केले. एका अख्ख्या भिंतीवर चुन्याचा भलामोठा पडदा आहे. तो कितीतरी उघडीबागडी पोरे धरून आहेत. कोणी लोंबकळते, कोणी खोड्या काढते. त्याच भिंतीवर १५७१ सालची लेपांतोची समुद्रातली लढाई आहे. तिच्याखाली शस्त्रांजवळ दोन मुले बसली आहेत. ती मात्र खेळत नाहीत. लढाई जिंकली तरी पोरांच्या वाट्याला काय येते, हे ती मुले न बोलता सांगतात, असे मला वाटते.

सिसिलीच्या बोलीत सरड्याचे नाव जाकोमोच्या आडनावासारखेच आहे. म्हणून सान दोमेनिको येथील प्रार्थनामंदिरात त्याने एका खांबावर छोटासा सरडा काढला. तीच त्याची सही!

सान लोरेन्झो नावाच्या प्रार्थनामंदिरातही त्याचे काम आहे. तेथे काराव्हाज्जो या जगप्रसिद्ध चित्रकाराचे चित्र होते. १९६९ साली चोरांनी ते कापून नेले, ते अजून सापडलेले नाही. जाकोमोच्या मूर्ती मात्र भिंतीवर आहेत.

१७३२ साली जाकोमो वारला. त्याचा भाऊ जुझेप्पे आणि मुलगा प्रोकोपिओ हेही याच धंद्यात होते. बापाला सजा झाली, तरी त्या पोराने घराण्याचे नाव मोठे केले, आणि तेही स्वस्तातल्या चुन्याने.

मित्रांनो, गवंडीकाका भिंतीवर थापी फिरवताना दिसले, तर घटकाभर थांबून त्यांचा हात जरूर बघा.